घरच्या सिनेमालाही मध्यंतर हवं

"डॉक्टरसाहेब, पोरं मागे लागलीत, हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवतो म्हणतो. डोळ्याले काही होत नाही ना?"

हा प्रश्न आता दिग्रससारख्या गावातही दवाखान्यात येऊ लागला आहे. प्रोजेक्टर पूर्वी शाळेत नाहीतर लग्नाच्या मंडपात दिसायचा. आता तो ऑनलाइन मागवता येतो आणि संध्याकाळपर्यंत बैठकीच्या भिंतीवर चित्र दिसायला लागतं. उत्साहाच्या भरात तो कुठं ठेवायचा, किती मोठं चित्र पाडायचं, कुणी कुठं बसायचं याचा विचार मागे राहतो. मग मान दुखते, डोळे चुरचुरतात, रात्री झोप लागत नाही आणि दोष प्रोजेक्टरला दिला जातो.

माझं मत आधीच सांगतो. प्रोजेक्टर वाईट नाही. मुलाच्या हातातल्या मोबाईलपेक्षा भिंतीवरचा सिनेमा डोळ्यांना नक्कीच बरा. पण थिएटरमध्ये तीन गोष्टी आपोआप सांभाळल्या जायच्या: पडद्यापासूनचं अंतर, मध्यंतर आणि खेळ संपला की घरी जाणं. सिनेमा घरात आला आणि या तिन्ही गोष्टी बाहेरच राहिल्या. त्या घरात आणल्या, तर प्रोजेक्टर घ्यायला हरकत नाही.

अंतर वाढलं की डोळ्याचं काम कमी होतं

आपल्या डोळ्यात एक लवचिक भिंग असतं. जवळचं पाहताना आतला स्नायू आवळला जातो आणि भिंग फुगतं. वस्तू जितकी जवळ, तितका त्या स्नायूवर ताण. लोळत मोबाईल पाहणारं मूल तो डोळ्यांपासून २० सेंटिमीटरवर धरतं. तेव्हा त्याच्या डोळ्याला जवळपास ५ नंबरचं जादा भिंग लावल्याइतकं काम करावं लागतं. तेच मूल ३ मीटरवर, म्हणजे सुमारे १० फुटांवर पाहत असेल, तर हे काम एका नंबरच्या एक तृतीयांश एवढंच उरतं. पंधरापट फरक.

मुलांमध्ये दूरचं न दिसण्याचा चष्मा वाढतो आहे. त्याची मुख्य कारणं दोन मानली जातात: सतत जवळचं पाहणं आणि घराबाहेरच्या उजेडात कमी वेळ घालवणं. म्हणून मोबाईल बाजूला ठेवून मूल दहा फुटांवरच्या भिंतीकडे पाहत असेल, तर पहिलं कारण नक्कीच कमी होतं. दुसरं कारण मात्र तसंच राहतं. भिंतीवर क्रिकेट पाहिल्याने मैदानावरचा उजेड मिळत नाही. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं घराबाहेर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला आणि तिथं वर्षानुवर्षं चढत चाललेलं चष्म्याचं प्रमाण उतरू लागलं. दोन तास मैदान, मग सिनेमा, असा क्रम ठेवा.

भिंतीवरचा सिनेमा आपल्याला नवा नाही

महाराष्ट्रात घरच्या भिंतीवर चित्रं पाडण्याची हौस जुनी आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलवून दाखवली. पुढे दादासाहेब फाळके १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून झपाटले. त्यांनी छोटं यंत्र आणि काही रिळं आणली आणि मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाठवून घरातल्या भिंतीवर चित्रं पाहायला सुरुवात केली. घरचा सिनेमाच तो.

पण डॉक्टर म्हणून मला त्यापुढची हकीकत महत्त्वाची वाटते. फाळके दिवसरात्र चित्रपट पाहत राहिले, त्यांचा अभ्यास करत राहिले, झोप अगदी थोडी घेत राहिले. शेवटी दृष्टी इतकी अधू झाली की अंथरूण धरावं लागलं. नेत्रतज्ज्ञांचे उपचार, चश्मे आणि विश्रांती यानंतर त्यांना पुन्हा नीट दिसू लागलं. मग ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाच्या जनकाच्या गोष्टीतही विश्रांतीचा एक तुकडा आहे. तो आपण विसरतो.

'परावर्तित प्रकाश, म्हणून सुरक्षित' हे अर्धसत्य

दुकानदार सांगतो, टीव्हीचा प्रकाश थेट डोळ्यात येतो, प्रोजेक्टरचा भिंतीवरून परतून येतो, म्हणून याने डोळ्यांना काहीच होत नाही. डोळ्याला प्रकाश कुठून आला हे कळत नाही. तो किती प्रखर आहे, किती जवळून आणि किती वेळ येतो, एवढंच महत्त्वाचं. प्रोजेक्टरचं चित्र टीव्हीपेक्षा मंद असतं आणि आपण लांब बसतो, म्हणून ते सुखद वाटतं. थिएटरच्या पडद्याचा उजेड तर घरातल्या टीव्हीच्या एक चतुर्थांशाइतकाच किंवा त्याहून कमी असतो.

मात्र प्रोजेक्टरच्या भिंगातून बाहेर पडणारा झोत हा परावर्तित नसतो. तो थेट असतो आणि यंत्राजवळ फार प्रखर असतो. मुलांना त्यात हात घालून सावल्या करायला आवडतं. ते करताना ती वळून भिंगात डोकावतात. लेझरच्या यंत्रात तर हे मुळीच चालणार नाही. यंत्रावर 'झोताकडे रोखून पाहू नये' अशी सूचना असते, ती शोभेची नाही.

निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या चष्म्याबद्दलही विचारलं जातं. २०२३ मध्ये यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अशा चष्म्यांमुळे स्क्रीनचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. ते पैसे वाचवा, चांगला पडदा घ्या.

बसवताना काय पाहावं

*चित्राचा आकार.* सगळ्यात मोठी चूक इथं होते. यंत्र १५० इंच दाखवू शकतं म्हणून कुणी १५० इंच पाडतो आणि आठ फुटांवर बसतो. मग चित्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहताना मान फिरवावी लागते, हलत्या दृश्यात गरगरतं, मळमळतं. सोपा हिशेब असा: चित्राच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट लांब बसावं. ८० इंचाचं चित्र सुमारे पावणेसहा फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच असतं, त्यासाठी दहा फूट अंतर पुरतं. १०० इंचाला साडेबारा ते तेरा फूट हवं. आपल्याकडचा हॉल बहुधा दहा बाय बाराचा असतो. त्यात ७५ ते ८० इंच पुष्कळ झालं.

*चित्राची उंची.* सोफ्याच्या मागे देवाचा फोटो लावतो तितक्या उंचीवर पडदा लावू नका. बसल्यावर डोळे चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागासमोर यावेत. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ८० इंचाच्या चित्राची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा. घरात सगळे सतरंजीवर बसत असतील, तर ती दीड फुटावर आणा. तीन तास हनुवटी वर करून पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी जी मान धरते, तिला गोळीपेक्षा पडदा वीतभर खाली आणण्याने जास्त आराम पडतो.

*छताचा पंखा.* हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, कारण ती आपल्या घरांसाठी लिहिलेली नसतात. यंत्र आणि भिंत यांच्या मधोमध पंखा आला आणि त्याची पाती झोत कापू लागली, तर चित्र लुकलुकतं. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५ वेळा लुकलुक होते. नेमकी ही गती डोकेदुखीला आणि काही जणांच्या फिटला निमंत्रण देणारी असते. यंत्र पंख्याच्या पुढे किंवा झोत पंख्याच्या खालून जाईल असं बसवा. पंखा बंद करून एप्रिलमध्ये सिनेमा पाहणं आपल्याकडे शक्य नाही.

*वायरी.* सिनेमासाठी अंधार, जमिनीवर वायर आणि मध्येच लघवीला उठलेली आजी. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. सत्तरीनंतर खुब्याचं हाड मोडणं म्हणजे ऑपरेशन, अनेक आठवड्यांचं अंथरूण आणि कधीकधी पुन्हा न उठणं. वायर भिंतीच्या कडेने, पट्टीतून न्या. जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवा. छताला यंत्र लावता आलं तर सगळ्यात बरं: वायर पायात येत नाही आणि झोत मुलांच्या डोळ्यात जात नाही. मात्र ते कुशल माणसाकडूनच पक्कं बसवून घ्या.

*थोडा उजेड.* काळोख केला की बाहुली मोठी होते आणि उजळ दृश्य आलं की डोळे दिपतात. पडद्याच्या मागे किंवा खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एक मंद दिवा लावून ठेवा. वाट दिसते, डोळ्यांना आराम मिळतो. भिंतीवर चकचकीत ऑइलपेंट नको, त्यावर चमक येते. पांढरा मॅट रंग किंवा साधा पडदा चालतो.

*पडदे, गालिचा आणि धूळ.* आवाज घुमू नये म्हणून जाड पडदे आणि गालिचा घालायला सांगतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे धुळीचं कोठार होतं. हंगामात कापसाचा बारीक तंतू हवेत असणाऱ्या आपल्या भागात तर जास्तच. धुता येतील असे सुती पडदे लावा, गालिच्याऐवजी सतरंजी घाला, ती उन्हात टाका. यंत्राची जाळी झटकायची ती बाहेर, अंगणात.

*कूलर आणि हवा.* कूलरची हवा थेट तोंडावर घेऊन बसू नका. स्क्रीन पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा मिटणारी पापणी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. त्यात वाऱ्याचा झोत आला की डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. कूलरच्या घरघरीमुळे आवाजही वाढवला जातो. शेजारी तीन फुटांवर बसलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज कानांसाठी जास्त आहे.

मध्यंतर: ज्याला आपण वेळ वाया जाणं समजलो

हॉलिवूडचे चित्रपट मध्यंतराशिवाय बनतात, तरी आपल्या थिएटरांत ते मधूनच थांबवून मध्यंतर केलं जातं. चित्रपटप्रेमी यावर चिडतात. डॉक्टर म्हणून मला ही प्रथा फार आवडते. दीड तासाने दिवे लागायचे, सगळे उठायचे, पायऱ्या उतरून बाहेर यायचे. पोटऱ्यांचे स्नायू हलायचे, पायातलं रक्त वर चढायचं, डोळे लांबवर पाहायचे.

घरी आपण जेवतो आणि जेवणाचं ताट ठेवून सिनेमासमोर बसतो ते अडीच तास. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. जेवणानंतर रक्तातली साखर चढत असते, त्याच वेळी आपण हालचाल पूर्ण थांबवतो. मध्ये पाच-दहा मिनिटं चाललं, तरी ही चढ कमी होते. ज्यांच्या पायावर सूज येते किंवा पायांच्या शिरा फुगतात, त्यांनाही तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसणं बाधतं.

म्हणून घरात नियम करा: पाऊण ते एक तास झाला की थांबवायचं. दिवा लावायचा. पाणी प्यायचं, अंगणात किंवा गच्चीवर पाच मिनिटं फिरायचं. फिरताना लांबचं पाहायचं. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावं असं जे सांगतात, ते मोबाईल-संगणकासाठी. प्रोजेक्टरला एवढं काटेकोर राहायची गरज नाही, पण मध्यंतर हवंच.

आणि मध्यंतरात काय खायचं तेही सांगून टाकतो. अंधारात, पडद्याकडे लक्ष असताना हात किती वेळा पाकिटात गेला याचा हिशेब राहत नाही. दिवसभराचं मीठ एका चमच्याएवढंच, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं. त्यातला मोठा भाग चिप्सच्या आणि शेवेच्या पाकिटात संपतो. घरी फोडलेल्या मक्याच्या लाह्या, भाजलेले फुटाणे किंवा हंगामातली संत्री ठेवा. पाकीट पुढे ठेवू नका, वाटीत काढून द्या.

खेळ संपला, आता घरी जा

थिएटरात 'समाप्त' आलं की दिवे लागायचे आणि उठावंच लागायचं. घरी एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. दहा वाजता बसलेले लोक दीड वाजता झोपतात, आणि सकाळी 'डॉक्टर, झोपेची गोळी द्या' म्हणतात. उजेडामुळे मेंदूतल्या झोपेच्या संप्रेरकाला उशीर होतोच, पण त्याहून जास्त उशीर मारामारी, रडारड आणि उत्कंठेने होतो.

माझा सल्ला: एक भाग झाला की दुसरा आपोआप लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. झोपायच्या एक तास आधी यंत्र बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, मोठ्यांना किमान ७. शाळा सकाळी सातची असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्रीचा सिनेमा मुलांसाठी नाहीच.

वयाचा हिशेबही पाळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला कुठलाच पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. भिंत मोठी आहे म्हणून तास वाढत नाहीत. मोबाईल, टीव्ही, प्रोजेक्टर सगळ्यांचा मिळून हा हिशेब आहे. बाळाला भरवताना भिंतीवर गाणी लावणं ही सवय तर लावूच नका.

यांनी जास्त जपावं

*फिट येणारे.* फिटच्या काही थोड्या रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. चित्र जितकं मोठं आणि खोली जितकी काळोखी, तितका धोका जास्त. अशा मुलाला उजेड असलेल्या खोलीत, लांब बसवा. लुकलुक सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला शिकवा. नुसते डोळे मिटणं पुरत नाही. आणि गोळी चुकवू नका.

*अर्धशिशी असणारे.* काही स्वस्त प्रोजेक्टरमध्ये रंगांचं चाक फिरतं. काहींना नजर हलवताना त्याचे लाल-हिरवे-निळे पट्टे दिसतात आणि डोकं दुखतं. विकत घेण्याआधी कुणाकडे तरी अर्धा तास पाहून घ्या.

*प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा वापरणारे.* या चष्म्यात वरचा भाग लांबच्यासाठी, खालचा वाचनासाठी. सोफ्यावर रेलून पाहिलं की नजर खालच्या भागातून जाते आणि चित्र धूसर दिसतं. दोष प्रोजेक्टरचा नसतो. पाठ सरळ ठेवून बसा किंवा फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

मोठी भिंत नजर तपासते

प्रोजेक्टरचा एक फायदा जाहिरातीत नसतो. चित्र सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे कुणाला दिसत नाही ते लगेच कळतं. मूल पुन्हा पुन्हा उठून भिंतीजवळ जात असेल, डोळे बारीक करत असेल किंवा मान तिरकी करून पाहत असेल, तर ओरडू नका. त्याची नजर तपासा. आजोबा म्हणत असतील की चित्र धुरकट आहे, दिव्याभोवती वलयं दिसतात, तर यंत्र दुरुस्तीला पाठवण्याआधी आजोबांना मोतीबिंदूसाठी दाखवा. एका बाजूचं चित्र कुणाला दिसतच नसेल, सरळ रेघा वाकड्या दिसत असतील, डोळ्यासमोर अचानक पडदा आल्यासारखं झालं किंवा विजेसारखी चमक दिसू लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे थकव्याचं लक्षण नाही.

मग घ्यावा की नाही?

मोबाईल आहेच, टीव्ही आहेच, त्यात आणखी एक पडदा म्हणून घेत असाल तर माझं मत 'नको' असं आहे. त्याने घरातले बसण्याचे तास वाढतील, बाकी काही नाही.

पण आठवड्यातून एक-दोनदा सगळ्यांनी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, एकत्र बसून, ठरवून एक सिनेमा पाहायचा यासाठी घेत असाल, तर खुशाल घ्या. चार जण चार खोल्यांत चार मोबाईल पाहण्यापेक्षा हे शरीराला बरं आणि मनालाही बरं. एकटे पडलेले सासू-सासरे, परीक्षेने वैतागलेलं पोर आणि दिवसभर दुकानात उभे असलेले तुम्ही दोन तास एका गोष्टीवर हसलात, तर त्याचा गुण माझ्या औषधांच्या यादीत नाही, पण मी तो रोज पाहतो.

फक्त यंत्राच्या पैशांबरोबर तीन गोष्टींची तयारी ठेवा. अंतरासाठी जागा, मध्यंतरासाठी कुणीतरी बटण दाबणारा आणि 'समाप्त' म्हणायला घरातलं एक ठाम माणूस. बहुतेक घरांत ते आजीच असते. रिमोट तिच्याकडे द्या.